पहिलं मूल सासूचं

माझी मुलगी मला वहिनी म्हणते. पोटची मुलगी. आणि माझ्या सासूला आई म्हणते. यात कुणालाच काही वावगं दिसत नाही, कारण आमच्यात पहिलं मूल आजीआजोबांचं. ते त्यांच्या कुशीत झोपतं, त्यांचंच लेकरू म्हणून वाढतं, आणि जन्म देणारी उरते थोरल्या भावाची बायको. पुढची तुमची, असं म्हणून समजूत काढतात. माझी पुढची झालीच नाहीत. डॉक्टर झाले, पिरांच्या कबरीवर गाठी बांधून झाल्या, आईने पाठवलेले काढे पिऊन झाले, पण अकबोता झाली ती एकच. आणि चाळिसाव्या दिवसाची आंघोळ झाल्यावर सासूने तिला उचलून छातीशी धरलं ते धरलंच.

मी झादिरा. अल्माटीत औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोकेदुखीवर गोळ्या देते आणि स्वतःची डोकेदुखी घेऊन घरी येते. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ऐकवायला नको. त्या वसंतात एका म्हातारबुवांनी खोकल्याच्या औषधाबद्दल तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तेव्हा मी बाटली काउंटरवर अशी आदळली की फुटली. मालकीणबाई म्हणाल्या, "झादिरा, एक तर सुट्टी घे, नाहीतर कुणाशी तरी बोल." सुट्टी घेऊन घरी काय भिंतींशी भांडू? म्हणून बोलायचं ठरवलं.

खरं कारण काय ते मला पक्कं ठाऊक होतं. सप्टेंबरात अकबोता पहिलीत जाणार होती. शेलेकच्या पुढे आमचं गाव, सासू तिला घेऊन तिथंच राहते. तिथल्या शाळेत एकदा नाव घातलं की पोर तिथलीच झाली, मग मोठी होऊन लग्न करूनच बाहेर पडणार. शहरात घातलं तर माझ्याजवळ. मला तिला आणायचं होतं. घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. सगळे आपले मूग गिळून बसले होते, आणि त्यात सगळ्यात मोठा घास माझ्या नवऱ्याच्या तोंडात होता.

तर ही व्हेनेरा. मानसतज्ज्ञ. ती कारागांडात, मी अल्माटीत, मध्ये फोन. घरात बोलायची सोय नव्हती. एका खोलीत नवरा, दुसऱ्या खोलीच्या भिंतीपलीकडे शेजारीण, आणि तिचे कान म्हणजे देवाची देणगी. म्हणून दर गुरुवारी कामावरून आल्यावर मी इमारतीच्या अंगणात गाडीतच बसायची. काचा वर, फोन स्टिअरिंगला टेकवलेला, बाहेर पोरं चेंडू मारतायत. पडद्यावर व्हेनेरा, मागे पांढरी भिंत आणि कुंडीतलं एक झाड. ते झाड बघूनच माझं डोकं फिरायचं. कधी कोमेजलेलं म्हणून दिसलं नाही.

"हे सांगताना शरीरात कुठे काय जाणवतं?" ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"तुमचा आवाज तुटतोय, ते कानात जाणवतं."

ती हसली नाही, चिडलीही नाही. नेटवर्क ठीक करून पुन्हा तोच प्रश्न. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही आपल्यातल्याच ना?" मी म्हटलं. "मग तुम्हाला काय समजावून सांगायचं? तुमच्या घरात नव्हतं कुणी असं आजीच्या कुशीतलं?"

"होतं. पण आज आपण तुमच्याबद्दल बोलतोय."

"म्हणजे माझं सगळं चव्हाट्यावर आणि तुमचं झाकलेलं. छान आहे की."

"हो, तसंच आहे ते," ती म्हणाली.

या बाईला शिव्या घालायची सोय नव्हती. तरी मी पुढच्या गुरुवारी बसले, त्याच्या पुढच्याही. झोप येत नाही सांगितलं, दुकानात कुणी आई मुलीचं नाक पुसताना दिसली की मी आत गोदामात जाते तेही सांगितलं. ती ऐकत राहायची. मग एके दिवशी म्हणाली, "हे सगळं तुम्ही सासूबाईंना कधी बोललात?"

"सासूशी बोलायचं नसतं. सासूला चहा ओतायचा असतो."

"मग माझ्याशी किती दिवस बोलणार, झादिरा? मी तुम्हाला तुमची मुलगी आणून देऊ शकत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन बंद केला. उंटावर बसून शहाणपण शिकवणाऱ्या बायका मला नवीन नाहीत. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, आणि त्या शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, गावाला जाऊ.

नवरा मादियार. स्वभावाने मऊ, म्हणजे कुठंही दाबा, दबतो. तोही आजीच्या कुशीतलाच, आणि तोही एकुलता एक. त्याची आजी गेली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. तोवर आजी ती आई आणि आई ती वहिनी. पुढे तो आईबापाच्या खोलीत राहायला आला, पण जीभ वळली नाही. आजही तो स्वतःच्या आईला वहिनी म्हणतो. तिचं नाव कुल्याश. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नसतं, पण इथे मी घेणार. तोंडावर मी तिला आपा म्हणते, गावातल्या कुठल्याही म्हातारीला म्हणते तसं.

सासरे कधीच वारले. घरात कुल्याश आणि अकबोता दोघीच. आम्ही पोचलो तेव्हा बौरसाकचे कणकेचे गोळे तळून झाले होते, मांस शिजलं होतं. मी सवयीने किटलीजवळ बसले आणि चहा ओतायला लागले. सुनेची जागा ती. वाटीत अर्धाच ओतायचा, म्हणजे पाहुणा वाटी पुन्हा पुढे करतो आणि बसणं लांबतं. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा.

"आपा," मी म्हटलं, "सप्टेंबरपासून अकबोता आमच्याकडे राहील. मी शाळा बघून आलेय."

"शाळा इथं आहे," कुल्याश म्हणाली.

"तिथली चांगली आहे."

"तिथं धूर आहे. पोरं हिवाळाभर खोकतात. तुला बरंच आहे म्हणा, तुझं दुकान चालतं."

"माझी मुलगी आहे ती, आपा."

कुल्याशने माझ्या हातातून किटली काढून घेतली. हिसकावली नाही, काढून घेतली. माझी वाटी ओढली आणि थेंबभर जागा राहणार नाही अशी भरली.

"घे," ती म्हणाली. "लांब जायचंय तुला."

मादियारने मान खाली घालून हाडाचं मांस सोडवलं. फार बारकाईने सोडवलं. मी तो चहा ओठ भाजत प्यायले आणि अंगणात गेले.

अकबोता सायकल उलटी करून साखळी बसवत होती. हात काळे, वेणी सुटलेली. मी तिच्यापाशी उकिडवी बसले.

"अकबोता, तुला माहितेय ना, मी तुझी आई आहे?"

"माहितेय," ती म्हणाली. "सगळ्यांना माहितेय."

"मग?"

"मग काय? तू मला जन्म दिलास. आई आत आहे." आणि साखळीकडे बोट दाखवून म्हणाली, "वहिनी, इथं धर ना जरा."

मी धरली. दुसरं काय करणार होते? परतीच्या वाटेवर मादियार म्हणाला, "एवढ्यात घाई कशाला करतेस, पुढच्या वर्षी बघू की." मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याने गाडीची काच खाली केली आणि वारा आत घेतला.

गुरुवारी व्हेनेरावर तुटून पडले. "तुमचं ऐकलं आणि हात दाखवून अवलक्षण झालं. चहा भरून दिला मला. काठोकाठ. आता सांगा, शरीरात कुठे जाणवू?"

"तुम्ही बोललात," ती म्हणाली.

"बोलून काय मिळालं?"

"अजून माहीत नाही."

"तुम्हाला काय माहीत असतं हो?"

"थोडंच," ती म्हणाली, आणि खरंच तेवढंच म्हणून थांबली.

ऑगस्टमध्ये कुल्याश डोळे तपासायला शहरात आली. पोरीला शेजारी बहिणीकडे ठेवून आली होती. आमच्याकडे उतरली, आणि आल्या क्षणापासून घराला नावं ठेवणं सुरू. पडदे मळके, पीठ जाडं, खिडकीतून डोंगर दिसतो तोही वाकडा. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझ्या वाटणीचे चार बहुतेक तिनेच वापरून टाकले होते. गुरुवारी मी दुकानातून आले आणि वर न जाता गाडीतच बसले. व्हेनेराशी जेमतेम बोलायला लागले होते, एवढ्यात काचेवर टकटक झाली. कुल्याश. मला आधी वाटलं निघून जाईल. ती वळसा घालून आली, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली आणि फोनकडे बघायला लागली.

"खिडकीतून बघतेय मी. गाडी अंगणात उभी आणि ही एकटीच हातवारे करतेय. ही कोण?"

"मानसतज्ज्ञ आहे."

"वेड्यांची डॉक्टर?"

"नाही, आपा," व्हेनेरा पडद्यावरून म्हणाली. "सलाम. झादिरा, वेळ तुमची आहे. आपा बसल्या तर चालेल का?"

"बसू दे," मी म्हटलं. "पाठीमागे बोलण्यापेक्षा तोंडावर बरं."

"अच्छा, म्हणजे पाठीमागे बोलणं चालूच होतं तर," कुल्याश म्हणाली आणि फोनवर वाकली. "ऐक गं मुली, तू शिकलेली दिसतेस. लेकरू म्हणजे काय शेजारणीकडून उसनं आणलेलं पातेलं आहे, की काम झालं, आता परत करा? तिचे दात माझ्या मांडीवर आले. गोवर झाला तेव्हा मी जागले. तेव्हा ही कुठं होती?"

"तुम्ही येऊ दिलंत का?" मी ओरडले. "आले की म्हणायचात, पोर बिथरते, तू जा. मला दिलीतच कुठं तिला?"

"मला कुणी दिला होता?" तिचा आवाज माझ्याही वर गेला. "माझ्या सासूने माझा मादियार असाच घेतला. माझं दूध सदऱ्यातून बाहेर येत होतं आणि ती त्याला गाईचं पाजत होती, माझ्यासमोर. मी नाही कुणा परक्या बाईसमोर गाडीत बसून गळा काढला."

"मग काय केलंत, आपा?" व्हेनेराने विचारलं.

कुल्याशला असं कुणी विचारलं नव्हतं, हे दिसत होतं.

"काय करणार? गाईंच्या धारा काढल्या."

"आणि तो तुमच्याकडे परत आला तेव्हा?"

"आला. खूप खायचा. मी रांधायची, तो खायचा."

"हाक काय मारायचा?"

"वहिनी मारायचा. आजही तीच मारतो. हिला विचार, हिला माहितेय."

मला माहीत होतंच. लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. पण त्या दिवशी गाडीत ते माझ्या अंगावर आलं.

"म्हणजे हे कसं जाळतं ते तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "आतून ठाऊक होतं. तरी तुम्ही माझी घेतलीत?"

"ठाऊक होतं म्हणूनच घेतली," कुल्याश म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या काचेतून बाहेर खेळणाऱ्या पोरांकडे बघत होती. "मला कुणी आई म्हटलंच नव्हतं. मादियारच्या पाठीवर काही झालं नाही. एवढं आयुष्य गेलं, मला हाक आली ती वहिनी, सूनबाई, आपा. मग ही बोबडं बोलायला लागली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून आई म्हणाली. एक तोंड आहे, झादिरा. सगळ्या जगात एकच तोंड मला आई म्हणतं. तेवढंही तुला पाहिजे."

मला तिची कीव आली असं लिहिलं तर बरं दिसेल. आली नाही. तिला गाडीबाहेर ढकलून द्यावंसं वाटलं.

"त्या एका तोंडासाठी तुम्ही माझं घर रिकामं केलंत," मी म्हटलं. "माझं तरी दुसरं कोण होतं?"

तेवढ्यात मादियार कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आला. आम्हा दोघींना एका गाडीत बघून तो जागीच थबकला. पिशवी टाकून मागच्या मागे सटकायचा त्याचा बेत मला कळला. मी काच खाली केली.

"इकडे ये."

आला.

"ह्यांना आई म्हण."

"काय?"

"तुझी आई बसलीये इथं. तिला आई म्हण. एकदा. जीव नाही जाणार तुझा."

"झादिरा, लोक बघतायत."

"बघू देत. म्हण."

कुल्याश हललीसुद्धा नाही. पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती ते तिने थांबवलं. मादियारचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं. टक्कल पडायला लागलेला बाप्या, कारखान्यात हाताखाली माणसं असलेला, आणि घाम फुटला त्याला. त्याला म्हणायचं होतं. हे मी त्याच्या बाजूने सांगते, त्याला खरंच म्हणायचं होतं.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "चला ना वर. जेवण गार होतंय."

आणि तो गेला. कचऱ्याची पिशवी तशीच हातात घेऊन वर गेला.

कुल्याश नाकाने हसली. मग फोनला म्हणाली, "बघितलंस? तू शिकलेली ना? आहे याच्यावर काही औषध तुझ्याकडे?"

"नाही, आपा," व्हेनेरा म्हणाली. "याच्यावर नाही."

पहिल्यांदाच मला ती बाई आवडली. वेळ संपली होती. तिने विचारलं, पुढच्या गुरुवारी? मी हो म्हटलं आणि पडदा काळा झाला. आम्ही दोघी तशाच बसलो. बाहेर पोरांचा चेंडू आमच्या गाडीच्या दारावर आपटला आणि दोघींपैकी कुणीही त्यांना ओरडलं नाही.

"मी काय काय नाही केलं," कुल्याश म्हणाली. "गोड बोलले, रागावले, वहिनी म्हटलं की ओ द्यायचं सोडलं. मग तो हाकच मारेना. म्हणून पुन्हा ओ द्यायला लागले. फार मोठा होऊन आला होता गं तो माझ्याकडे. हाड पक्कं झालं होतं."

मी स्टिअरिंगला टेकवलेला फोन उचलून पर्समध्ये टाकला.

"पोरीचं अजून ओलं आहे," ती म्हणाली. "या वर्षी वळेल. पुढच्या वर्षीही कदाचित वळेल. मग नाही."

"मग काय म्हणायचंय तुम्हाला?"

"गाडी चालू कर."

"आत्ता?"

"रात्री झोपले की माझं मन फिरेल. आणि माझ्याकडे बघून डोळे ओले करू नकोस, तुझ्यासाठी नाही करत. तू मला कधीच पसंत नव्हतीस. उद्या ती पोर मोठी होऊन मादियारसारखी अशी गाडीच्या खिडकीपाशी उभी राहील, तोंड उघडून. ते मला बघायचं नाही."

मी चालू केली. वाटेत एकदा तिने वारं लागतं म्हणून काच वर करायला सांगितली, मी केली. गावात पोचलो तेव्हा उन्हं डोंगराला टेकली होती आणि गुरं परत येत होती.

अकबोता शेजारच्या, कुल्याशच्या बहिणीच्या फाटकातून पळत आली. "आई आली!" म्हणत कुल्याशच्या पोटाला येऊन बिलगली. कुल्याशने तिचे दोन्ही दंड धरून तिला हातभर लांब केलं.

"मी आजी," ती म्हणाली. "आई ही."

पोरीला गंमत वाटली. ती हसली आणि पुन्हा बिलगायला गेली. कुल्याशने हात ताठ ठेवले.

"आजी म्हण."

"का?"

"म्हण."

"नाही. तू आई आहेस."

"मी तुझ्या बापाची आई. तुझी आजी. म्हण." हा आवाज मी तिला दावं तोडलेल्या गाईवर काढताना ऐकला होता. पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी काय केलं म्हणून हे चाललंय, असं. तिला बरोबर कळलं होतं. मग ती रडायला लागली, पाय आपटले, कुल्याशच्या हातावर चावली. कुल्याशने हात सोडवला नाही.

मला मध्ये पडता आलं असतं. राहू द्या आपा, तुम्हालाही आई म्हणू दे, दोन असल्या तर काय बिघडतं, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. मला ती वाटून घ्यायची नव्हती.

"आजी," अकबोता शेवटी ओरडली, शिवी दिल्यासारखं. "आजी, आजी, आजी."

"शाबास," कुल्याश म्हणाली आणि तिचे कपडे भरायला आत गेली. फार वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा गाठोडं माझ्या हातात दिलं, पोरीचे केस रोज नीट विंचर म्हणून मला दटावलं, आणि आम्ही निघायच्या आधीच फाटक लावून घेतलं.

अकबोता मागच्या सीटवर बसली. पार शहराचे दिवे दिसेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मी आरशात बघत होते. ती रडत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. मी वाट बघत होते, काहीतरी म्हणेल. काहीही.

"वहिनी," ती म्हणाली, "आजी आता रडत असेल का?"

"हो," मी म्हटलं.